जवसाच्या तेलाची मशीन

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा वडिलांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "पोरगी मशीन चालवते." ते खोटं नव्हतं. चाक फिरवलं की सुई खालीवर होते आणि कापड पुढे सरकतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. ते का सरकतं, मशीनच्या पोटात काय असतं, या भानगडीत मी कधी पडले नव्हते. माझा थोरला भाऊ अधूनमधून ती उघडून पुसायचा, तेल द्यायचा. आणि मी समजत होते की मशीन हलकी चालते ती माझ्या हाताच्या गुणाने.

इंग्रज साहेब देश सोडून गेले तेव्हा कुणा मडमेच्या घरातलं सामान विकायला निघालं होतं. त्यातून वडिलांनी ही मशीन उमरेडला आणली होती. हाताने फिरवायची, काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी आणि वर लाकडी झाकण. लग्नानंतर ती माझ्याबरोबर बैलगाडीतून नागपूरला आली. सबंध वाटभर मी तिला मांडीशी धरून बसले होते. नवऱ्याकडे मी त्या प्रवासात फारसं पाहिलं नाही, अशी त्यांची तक्रार पुढे कित्येक वर्षं होती.

सासर सक्करदऱ्याला. पुढच्या खोलीत माग होता. त्यावर मामंजी, म्हणजे माझे सासरे, लुगडी विणायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या दारात राहाट घेऊन सुताच्या कांड्या भरत बसायच्या. माझे यजमान प्राथमिक शाळेत मास्तर होते. मागाच्या खड्ड्यात पाय न घालणारे घरातले पहिलेच. माझी मशीन मधल्या खोलीत एका पेटीवर विराजमान झाली. तिच्यासाठी मी स्वतः भरतकाम करून आच्छादन केलं होतं. त्यावर पोपट होता. पाहणाऱ्यांना तो कावळा वाटायचा, पण कुणी तसं तोंडावर बोललं नाही.

मामंजींना शिवणकामाचं काही कौतुक नव्हतं. सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून ते मागाशी बोलायचे. "आमी बोटं झिजवून विणाचं," ते मागाला सांगायचे, "अन् लोकाईनं ते कापून पुन्हा जोडाचं. हे काय काम झालं गा?" माग खटखट करत राहायचा. मी आतून मशीनचं चाक जरा जोरात फिरवून उत्तर द्यायची. अशी आमची बातचीत चालायची.

एक दिवस समोरच्या घरातल्या काकू आल्या. पदर खोचलेला, आवाज खणखणीत. त्यांनी विचारलं, "मले शिकवशीन का वं मशीन?"

साधं "हो" म्हणून भागलं असतं. पण मी सातवी पास होते, मास्तरांची बायको होते. मी म्हणाले, "एकट्या तुम्हालाच कशाला? आपण शिवणवर्गच सुरू करू."

वर्ग हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि माझी मान आपोआप ताठ झाली. ह्यांनी एका पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात 'शिवणवर्ग' लिहून दिलं, ते मी दारावर टांगलं. गल्लीतल्या बायका येता-जाता वाचायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना काकू वाचून दाखवायच्या. वाचता काकूंनाही येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते त्यांना माहीत होतं. अक्षय तृतीयेला मी माहेरी जाणार होते. तिथून आल्यावर दुसऱ्याच दिवशी वर्ग सुरू करायचा असं ठरलं.

निघण्याच्या दिवशी दुपारी माझ्या मनात आलं, मशीनची नीट व्यवस्था लावून जावं. भाऊ तेल द्यायचा हे आठवत होतं. तेलाची कुप्पी शोधली तर ती कोरडी ठणठणीत. मशीनचं तेल इतवारीच्या बाजारात मिळायचं. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. हे म्हणाले, "रविवारी आणतो." पण मी तर संध्याकाळी निघणार होते. स्वयंपाकघरात गेले. फडताळात जवसाच्या तेलाची बरणी होती. पातळ, सोनेरी, स्वच्छ तेल. मी बरणी उजेडात धरून पाहिली आणि स्वतःशी म्हटलं, तेल ते तेल.

कापसाची वात तेलात भिजवून मी मशीनच्या प्रत्येक भोकात थेंब सोडले. मग वाटलं, घरचंच आहे, हात कशाला आखडायचा? भोकं नव्हती तिथेही सोडलं. चाक फिरवून पाहिलं तर काय चाललं म्हणता! लोण्यातून सुरी जावी तसं. भावाला इतक्या वर्षांत हे सुचलं नाही याची मला जरा कीवच आली. पोपटाचं आच्छादन घातलं आणि मी उमरेडला निघून गेले.

माहेरी मी भावाला हे सांगितलं नाही. वाटलं, उगाच त्याला कमीपणा नको.

परत आले ती मे महिन्याच्या शेवटी. आमच्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, आणि नागपूरचं ऊन त्यांच्यावर दिवसभर पडलेलं. मधली खोली चुलीवरच्या तव्यासारखी तापायची. त्या खोलीत माझी मशीन आच्छादन घेऊन सगळा उन्हाळा शिजत होती. आल्याबरोबर एकदा चाक फिरवून बघावं, हे काही मला सुचलं नाही. मी त्या संध्याकाळी आरशासमोर उभं राहून वर्गात काय बोलायचं याची तयारी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका आल्या. खोली भरली, काही दारात बसल्या. मी मशीनसमोर पाट मांडून बसले आणि घसा साफ करून म्हणाले, "भगिनींनो, आज आपण यंत्राची ओळख करून घेणार आहोत."

काकू आत्याबाईंकडे वळल्या. "काय म्हणून राहिली वं ही?"

"मास्तराची बायको हाय," आत्याबाई म्हणाल्या. "थोडं सहन कर."

मी आच्छादन काढलं, झाकण उचललं, चाकाच्या मुठीला हात घातला आणि फिरवलं. चाक हललं नाही. मी जोर लावला. चाक जागच्या जागी, पेटी मात्र सरकली. मी उभी राहून दोन्ही हातांनी फिरवायला गेले तेव्हा पेटीसकट मशीन माझ्याकडे आली.

"चाक काहून नाही फिरून राहिलं?" काकूंनी विचारलं.

"मी ते मुद्दाम थांबवलं आहे," मी म्हणाले.

आत्याबाई पुढे वाकल्या. त्यांनी मशीनजवळ नाक नेलं, दोनदा हुंगलं. "मशीनीले चटणीचा वास काहून येऊन राहिला वं?"

पुढच्या खोलीतला माग नेमका त्याच वेळी थांबला.

"तेल दिलं होतं," मी म्हणाले.

"कोणतं?"

"आपलं."

"आपलं म्हंजे?"

"जवसाचं."

काकू पहिल्यांदा हसल्या, मग सगळ्या हसल्या. दारातल्या बायकांना नीट ऐकू गेलं नव्हतं, म्हणून आतल्यांनी त्यांना सांगितलं आणि हसू पुन्हा एकदा झालं. पुढच्या खोलीतून मामंजींचा आवाज आला. ते मागाला सांगत होते, "आता मशीनीले भाकरबी लागन गा."

तोंड लपवून उठून जावं असं वाटत होतं. पण दारावर पुठ्ठा टांगलेला होता, आणि तो काढायला बायकांच्या अंगावरून जावं लागलं असतं. तेव्हा मी म्हणाले, "शिवण्याआधी मशीन साफ करायला शिकावं लागतं. तोच आपला पहिला धडा. म्हणूनच ही अशी ठेवली."

एकीनेही विश्वास ठेवला नाही. पण एकीनेही उठून जायची तयारी दाखवली नाही. इतकी मजा त्या उन्हाळ्यात दुसरीकडे कुठे नव्हती.

पहिला उपाय आत्याबाईंनी सुचवला. "उन्हात ठेव. तेल पातळ होईन अन् वाहून जाईन." मला तो फार पटला. इतका, की मी त्याला शास्त्राचा आधारही दिला. उष्णतेने पदार्थ पातळ होतो वगैरे. आम्ही चौघींनी मशीन उचलून अंगणात नेली आणि तिच्याभोवती सावलीत बसून राहिलो, एखाद्या आजाऱ्याभोवती बसावं तसं. बऱ्याच वेळाने मी उठून चाकाला हात लावला आणि किंचाळले. मशीन तापून लाल व्हायची बाकी होती. ओल्या फडक्यांत धरून ती आत आणली. चाक आता पेटीसकटही हलत नव्हतं.

संध्याकाळी हे बाहेरून आले. त्यांनी मशीन पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, "जवसाचं तेल? ते तर रंगात घालतात. वाळलं की कडक व्हावं म्हणून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो. चौथीला शिकवतो मी ते."

आत्याबाई राहाटावरून उठल्या. "चौथीच्या पोराईले सांगतं," त्या म्हणाल्या, "अन् बायकोले सांगाले तोंड दुखते का?"

त्या दिवशी आत्याबाई पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्या बाजूने बोलल्या. मला रडू आलं. ह्यांना वाटलं मशीनसाठी रडते आहे, म्हणून ते रॉकेल आणायला धावले.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तो रॉकेलच्या वासात. काकूंकडे कोंबड्या होत्या; त्यांनी पिसं आणली. पीस रॉकेलमध्ये बुडवून प्रत्येक भोकात फिरवायचं, थांबायचं, पुन्हा फिरवायचं, आणि चाकाला हळूच मागेपुढे झोके द्यायचे. चाक काही केल्या दाद देत नव्हतं. त्याच्यापेक्षा आम्हा बायकांच्या गप्पा भराभर पुढे जात होत्या. पुढच्या दिवशीही तेच. मग कधीतरी काकूंच्या हाताखाली चाक केसभर हललं. त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की पुढच्या खोलीत मामंजींच्या हातून सूत तुटलं.

आता मला जोर चढला. ह्यांचा पेचकस घेऊन मी एकेक भाग सोडवायला लागले. आधी खालची पट्टी काढली. तिच्याखाली कापड पुढे ढकलणारे बारीक दात असतात. त्या दातांमध्ये घोंगडीसारखा घट्ट दाबलेला थर निघाला, सगळा धाग्यांच्या बारीक तंतूंचा. जांभळा माझ्या लग्नातल्या चोळीचा, पांढरा ह्यांच्या सदऱ्यांचा, हिरवा कशाचा ते आठवेना. लग्नाच्या तयारीपासून मी जे जे शिवलं होतं ते सगळं तिथे साठलेलं होतं. एवढ्या दिवसांत मी ती पट्टी एकदाही काढली नव्हती. ती निघते हेच मला ठाऊक नव्हतं.

काढलेला प्रत्येक भाग मी एका फडक्यावर क्रमाने मांडत होते. जसा काढला तसा, डावीकडून उजवीकडे. मी बायकांना गंभीरपणे सांगितलं, "हा क्रम फार महत्त्वाचा. तो चुकला की सगळं गेलं." वाळलेलं तेल पिवळ्या लाखेसारखं चिकटलं होतं. ते आम्ही बांबूच्या कामट्यांनी खरवडलं. हातांना, पदरांना, भाकरीला, सगळ्याला रॉकेलचा वास. ह्यांनी त्या दिवसांत जेवताना एकदाही तक्रार केली नाही, हे मात्र मानलं पाहिजे.

मग आत्याबाईंनी सगळ्यांसाठी चहा आणला. पातेलं भरलेलं, खोलीत दाटी. चहा भागांवर सांडू नये म्हणून मी चटकन फडक्याची चारी टोकं उचलली आणि त्याची मोट बांधून बाजूला ठेवली.

सगळ्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"क्रम फार महत्त्वाचा ना वं?" काकू म्हणाल्या.

चहा पिऊन झाल्यावर मी मोट सोडली. त्यातून जे बाहेर पडलं ते पाहून मला बैलगाडी करून उमरेडला पळून जावंसं वाटलं. पण बायका पुढे सरसावल्या. "हा लांब नाकाचा इथं होता." "नाई वं, तो खाली होता." "हा तर मी घासला, मले माहीत हाय कुठला तो." प्रत्येकीने एखादा भाग हातात धरून खरवडला होता, त्यामुळे प्रत्येकीला आपापला भाग ओळखीचा होता. फक्त तो कुठे बसतो यावर एकमत नव्हतं. भांडण एवढं रंगलं की मामंजी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत आले.

त्यांनी फडक्यावरच्या ढिगात पाहिलं. आमच्या मशीनला खालून धागा देणारा जो भाग होता तो होडीसारखा, लांबट, टोकदार होता. मामंजींनी तो उचलला, अंगठ्याने पुसला, टोकावर फुंकर मारली.

"अवं," ते आत्याबाईंना म्हणाले, "हा तर धोटा हाय!"

मागावर आडवं सूत नेतो तो धोटा. त्यांच्या मागावरचा धोटा वीतभर, हा बोटाएवढा. पण आकार तोच.

"कांडीही हाय का याच्यात?" त्यांनी विचारलं.

"हो, मामंजी, ही काय," मी म्हणाले आणि छोटी लांबट कांडी त्यांच्या तळहातावर ठेवली.

ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्याशी थेट बोलले. त्यांच्याही लक्षात आलं असावं. पण ते तिथेच उकिडवे बसले आणि कांडी धोट्यात घालून काढून, घालून काढून पाहत राहिले. "एवढुसाच," ते म्हणाले. "पण धोटाच हाय गा." मशीन जोडण्यात त्यांची काही मदत झाली नाही, त्यांनाही कुठलाच भाग कुठे बसतो ते माहीत नव्हतं. पण त्यानंतर दुपारी ते आमच्यात येऊन बसायचे आणि कोण कुठे चुकतंय ते सांगायचे. तेही चुकीचंच असायचं. माग तेवढा वेळ गप्प असायचा.

मशीन जोडली गेली. एक स्क्रू उरला. तो कुठला ते आम्हाला कधीच कळलं नाही, मशीनलाही त्याची आठवण झालेली दिसली नाही. ह्यांनी इतवारीतून खरं तेल आणलं. मी प्रत्येक भोकात एकच थेंब सोडला, चाक फिरवलं, चिंधीवर थोडं चालवून जादाचं तेल पुसून घेतलं. चाक फिरत होतं! मी घाईघाईने सुई बसवली, धागा ओवला आणि सगळ्यांसमोर शिवायला घेतलं.

एक टाका पडायचा, चार सुटायचे. धागा तुटायचा. मी म्हणाले, धागा जुना आहे. नवा आणला, तोही तुटला. मग कापडाला खळ जास्त आहे म्हणाले. हे ऐकून मामंजी उठून मागावर जाऊन बसले, कारण कापड त्यांचं होतं. शेवटी मी हवेवर घेतलं. हवा कोरडी आहे, कोरड्या हवेत धागा तुटतो. माझं भाषण चालू असताना काकूंनी सुई सोडवली, बोटात टोचून घेतली, "आई गं" म्हणाल्या आणि परत बसवताना ती नकळत दुसऱ्या अंगाने बसवली. चाक फिरवलं. सरळ, सुंदर टाके पडले.

"झालं की वं," काकू म्हणाल्या.

सुईची एक बाजू चपटी असते, ती ठरावीक अंगालाच लागते. मी ती उलटी बसवली होती. मी म्हणाले, "हेच मी उद्या शिकवणार होते."

या वेळी कुणी हसलंसुद्धा नाही. सगळ्यांना माझी सवय झाली होती.

आमच्या गल्लीतल्या बायका अशा झाल्या की शिवणाचा एक टाकाही येत नाही, पण मशीनचं पोट मात्र पाठ. आणि ही कीर्ती पसरली. एक दिवस शहरातल्या महाल भागातून टांगा आला. टांग्यातून एक बाई उतरल्या, मागून त्यांची मशीन. "तुम्हीच का त्या मशीन साफ करणाऱ्या?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणणार होते, पण काकूंनी समोरच्या दारातून "होऽऽ" म्हणून ओरडून सांगितलं. मी घाबरत ती उघडली. आत खोबरेल तेल होतं. मला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली.

शिवणवर्ग पुढे चांगला चालला, पण तो काकूंनी चालवला. मी कापलेल्या बाह्या दोन्ही एकाच हाताच्या निघायच्या. काकूंची नजर पक्की, हात साफ. मामंजींना एकदा बंडी शिववून घ्यायची इच्छा झाली, तीही त्यांनी स्वतः विणलेल्या कापडाची. आता ते माझ्याशी मोकळेपणाने बोलायचे. मला म्हणाले, "सूनबाई, मशीन तू साफ कर. शिवाचं मात्र त्या समोरच्या बाईनं." मी त्याप्रमाणे केलं. बंडी फार छान झाली.

नंतर ह्यांच्या शाळेत मुलींसाठी शिवणाच्या मशीन आल्या आणि वापरून वापरून अडकायला लागल्या. हेडमास्तरांनी ह्यांना बोलावून विचारलं, तुमच्या घरच्या मंडळी येऊन बघतील का? ह्यांनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता ते पाहण्यासारखं होतं. सकाळी आम्ही निघालो. माझ्या पिशवीत पेचकस, पिसं आणि चिंध्या. रॉकेलची बाटली ह्यांनी घेतली होती, आणि ती धोतराला लागू नये म्हणून हात लांब धरून ते माझ्या मागून चालत होते. शाळेच्या फाटकाशी मुलं ओळीने उभी होती. त्यांनी आधी मला नमस्कार केला, मग गुरुजींना.